सरकारी कार्यालय हललं, जागेचं काय? शहराच्या नकाशावरचे रंग कसे वाचायचे

पणजीच्या कदंब बसस्थानकावर उतरून कुणालाही "सचिवालय कुठं आहे हो?" असं विचारा. दोन उत्तरं मिळतात. जुना पणजीकर मांडवीच्या काठाकडे हात करून आदिलशहाचा राजवाडा सांगतो. रिक्षावाला सांगतो, "पर्वरीला जावं लागेल, पुलापलीकडे." दोघांचंही बरोबर आहे. पहिला इमारतीचं नाव सांगतो, दुसरा कार्यालयाचा पत्ता. शहरातल्या सार्वजनिक इमारतींचा सगळा घोळ या दोन उत्तरांच्या मधे आहे.

कार्यालय हलतं, इमारत आणि तिच्याखालची जमीन मात्र जागच्या जागी राहते. त्या जमिनीवर पुढे काय होऊ शकतं हे शहराच्या भू-वापर आराखड्यातला रंग ठरवतो. आराखडा दहा-वीस वर्षांतून एकदा "अद्ययावत" होतो तेव्हा तो रंग बदलू शकतो. हे काम एवढ्या कोरड्या भाषेत होतं की वर्तमानपत्रातली जाहीर सूचना वाचून कुणाला वाटणारही नाही की गावातली मोक्याची जागा हातची जाणार आहे. बेळगाव, पणजी, वडोदरा किंवा हैदराबाद, कुठेही राहत असाल तरी हे एकदा नीट समजून घेतलेलं बरं.

नकाशा एक नसतो, दोन असतात

आराखडा करताना पहिल्यांदा पाहणी होते. कोणत्या जागेवर आज काय आहे, म्हणजे घर, दुकान, शाळा, दवाखाना की मोकळं मैदान, ते नोंदवलं जातं. हा विद्यमान भू-वापर नकाशा. मग पुढच्या वीसेक वर्षांत कुठे काय असावं हे ठरवून दुसरा नकाशा होतो, तो प्रस्तावित भू-वापर नकाशा. बांधकाम परवाना देताना अधिकारी दुसरा नकाशा बघतो. पण दुसरा तयार होतो पहिल्याच्या पायावर. पाहणीत चूक झाली की ती पुढे वीस वर्षं कायदा बनून राहते.

रंगांची पद्धत आपल्याकडच्या बहुतेक आराखड्यांत मिळतीजुळती असते. निवासी भाग पिवळा, व्यापारी निळा, औद्योगिक जांभळा, उद्यानं आणि मोकळ्या जागा हिरव्या, आणि "सार्वजनिक व निमसार्वजनिक" लाल. शाळा, इस्पितळ, पोलीस ठाणं, न्यायालय, टपाल कचेरी, वाचनालय, नाट्यगृह हे सगळं या लाल रंगात येतं. गावागणिक छटा आणि खुणा बदलतात, म्हणून नकाशाच्या कोपऱ्यातली रंगसूची आधी बघायची.

नावंही राज्यागणिक वेगळी. महाराष्ट्रात "विकास आराखडा" किंवा नुसतं डीपी. कर्नाटकात मास्टर प्लॅन, बेळगावच्या बोलण्यात अजून सीडीपी, आणि तो करणारी संस्था म्हणजे "बुडा". गोव्यात शहरांसाठी बाह्य विकास आराखडा, म्हणजे ओडीपी, तो पीडीए करते. बाकीच्या गोव्यासाठी प्रादेशिक आराखडा. कायदेही वेगळे: महाराष्ट्राचा १९६६ चा, कर्नाटकाचा १९६१ चा, गोव्याचा १९७४ चा. प्रश्न मात्र तिन्हीकडे एकच.

पणजीचं काय झालं

पणजी या विषयाचं चांगलं उदाहरण आहे, कारण इथल्या मध्यवस्तीतून मोठमोठी सार्वजनिक कार्यालयं एकामागून एक बाहेर गेली.

राजवाड्यापासून सुरू करू. आदिलशाही काळातली ही वास्तू पोर्तुगीजांनी घेतली. १७५९ पासून तिथं व्हाइसरॉयचा मुक्काम होता. १८४३ मध्ये पणजी अधिकृतपणे राजधानी झाली. मुक्तीनंतर सचिवालय इथंच राहिलं आणि विधानसभाही इथंच भरायची. २००० मध्ये पर्वरीला नवं विधानसभा संकुल झालं आणि राज्याचा कारभार नदीपलीकडे गेला. राजवाड्याला "जुने सचिवालय" हे नाव तेवढं चिकटून राहिलं.

वैद्यकीय महाविद्यालयाची गोष्ट त्याहून बोलकी आहे. १८४२ मध्ये पणजीत सुरू झालेल्या वैद्यकीय शाळेचा वारसा सांगणारं गोमेकॉ १९९० च्या दशकात बांबोळीच्या पठारावर गेलं. आज सावंतवाडी-दोडामार्गकडचा माणूस आजारी पडला की घरचे "बांबोळीला नेलंय" एवढंच म्हणतात, गोमेकॉचं नाव घ्यायचीही गरज लागत नाही. पणजीत नदीकाठी त्या महाविद्यालयाची देखणी जुनी इमारत मागे राहिली. २००४ मध्ये आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव गोव्यात आला. त्यासाठी त्याच आवारात मल्टिप्लेक्स उभं राहिलं आणि परिसर महोत्सवाचा झाला. मधल्या काळात जुन्या इमारतीत मॉल करण्याचा घाट घातला गेला होता. लोकांनी, विशेषतः वारसाप्रेमी मंडळींनी, त्याला विरोध केला. २००७ मध्ये त्याच इमारतीत गोव्याच्या चित्रकारांचं "अपरांत" हे मोठं प्रदर्शन भरलं आणि ही जागा कशासाठी वापरता येते ते लोकांनी डोळ्यांनी पाहिलं.

आल्तिनोच्या लिसेंव संकुलातून मुंबई उच्च न्यायालयाचं गोवा खंडपीठ २०२१ मध्ये पर्वरीच्या नव्या इमारतीत गेलं. १८३२ चा इतिहास सांगणारं मध्यवर्ती ग्रंथालय आता पाटोवर आहे. ग्रंथालय निदान पणजीतच राहिलं, बसस्थानकापासून चालत जाता येतं. माझ्या मते हा फरक छोटा नाही. कार्यालय मध्यवस्तीतून दुसऱ्या मध्यवस्तीत गेलं तर बसने येणाऱ्या माणसाचं फारसं बिघडत नाही. पठारावर गेलं की स्वतःचं वाहन नसलेल्याचा एक दिवस मोडतो.

या प्रत्येक स्थलांतराला कारण होतं, आणि ते खोटं नव्हतं. जुन्या इमारतीत लिफ्ट बसत नाही, गाड्या लावायला जागा नाही, खाटा वाढवता येत नाहीत. गोमेकॉ कांपालच्या आसपास कोंबून ठेवलं असतं तर आज जेवढे रुग्ण तिथं जातात तेवढे सामावले नसते. तेव्हा हलवणं चूक होतं असं म्हणणं नाही. प्रश्न उरतो तो मागे राहिलेल्या जागेचा.

जागा रिकामी झाली की तीन वेगळे कागद बघावे लागतात, आणि लोक ते एकच समजून भांडतात. पहिला कागद मालकीचा. गोव्याच्या शहरी भागात फॉर्म डी, बेळगावात सीटीएस उतारा, महाराष्ट्रात मिळकत पत्रिका. तिथं "सरकार" लिहिलेलं असतं. दुसरा कागद म्हणजे आराखड्यातला रंग. तिसरा वारसा यादीचा, इमारत जुनी असेल तर. मालक सरकार आहे म्हणून जागा सार्वजनिक कामालाच राहील असं नाही, सरकार ती भाडेपट्ट्याने देऊ शकतं. रंग लाल आहे म्हणून खासगी माणूस येणार नाही असंही नाही, लाल रंगातही उपाहारगृह, बँक, सभागृह वगैरे चालतं. आणि वारसा यादी भिंती वाचवते, आत कोण बसणार हे ती ठरवत नाही. तिन्ही कागद एकमेकांना धरून असले तरच जागा पक्की.

"चूक दुरुस्ती" म्हणजे नेमकं काय

आराखडा वस्तुस्थितीशी जुळवून घेणं ऐकायला अगदी साधं वाटतं. पण ते दोन उलट्या दिशांनी होतं.

एक दिशा अशी: निवासी म्हणून पिवळ्या दाखवलेल्या जागेवर पंधरा वर्षांपूर्वी आरोग्य केंद्र झालं, गावाने ते वापरलं, पण नकाशात ती जागा पिवळीच राहिली. आता आराखडा सुधारताना ती लाल करायची. ही खरी दुरुस्ती. न केल्यास उद्या केंद्राला मजला वाढवायचा असेल तर परवानगी अडते आणि परवा केंद्र हललं की जागा आपोआप घरांसाठी मोकळी होते.

दुसरी दिशा अशी: लाल जागेवरचं कार्यालय हललं, इमारत रिकामी आहे, आजूबाजूला सगळी दुकानं आहेत, तेव्हा "वस्तुस्थितीनुसार" ती निळी करा. यातही वस्तुस्थितीचंच नाव घेतलं जातं. पण वस्तुस्थिती तयार कुणी केली? कार्यालय सरकारनेच हलवलं, इमारत सरकारनेच कुलूप लावून ठेवली, आणि मग पाहणी करणाऱ्याने "वापर नाही" अशी नोंद केली. पाच वर्षं कुलूपबंद ठेवलेली शाळा नकाशावर शाळा राहत नाही, हे गावोगावच्या लोकांनी पाहिलेलं आहे.

पहिल्या दिशेने रंग बदलला की जागेची बाजारातली किंमत घटते, दुसऱ्या दिशेने वाढते. म्हणून दुसऱ्या दिशेच्या दुरुस्त्यांना वकील मिळतात आणि पहिल्या दिशेच्या दुरुस्त्या राहून जातात. यात कुणाचा कट असतोच असं नाही. आरोग्य केंद्राच्या डॉक्टरला आपल्या इमारतीचा नकाशातला रंग माहीत नसतो, आणि माहीत असला तरी ते त्याचं काम नसतं.

"चूक" हा शब्द किती ताणता येतो याचा निवाडा गोव्यात नुकताच झाला. २०२३ मध्ये नगरनियोजन कायद्यात कलम १७(२) घालण्यात आलं. प्रादेशिक आराखड्यात अनवधानाने राहिलेल्या चुका दुरुस्त करता याव्यात हा त्याचा सांगितलेला हेतू. प्रत्यक्षात एकेका मालकाच्या अर्जावर एकेका भूखंडाचा विभाग बदलला जाऊ लागला. प्रकरण उच्च न्यायालयात गेलं. मार्च २०२५ मध्ये न्यायालयाने त्या कलमाखालचे नियम रद्द केले आणि कलमाचा अर्थही मर्यादित केला. हा निकाल प्रादेशिक आराखड्याबद्दलचा आहे, शहरातल्या ओडीपीबद्दलचा नाही. पण सगळा आराखडा एकत्र बघण्याऐवजी भूखंडागणिक रंग बदलत गेलं तर आराखडा उरतच नाही, हा त्यातला मुद्दा शहरालाही तितकाच लागू पडतो. २०२४ मध्ये आलेलं कलम ३९अ तर प्रादेशिक आराखडा आणि ओडीपी दोन्हींतला विभाग बदलण्याची वाट देतं. त्यात लोकांकडून सूचना मागवण्यासाठी किमान ३० दिवसांची मुदत आहे. गोव्यात त्यावरून रान उठलं ते उगाच नाही.

गोंयकारांना हे नवीनही नाही. प्रादेशिक आराखडा २०११ विरुद्ध लोक रस्त्यावर उतरले आणि जानेवारी २००७ मध्ये सरकारला तो मागे घ्यावा लागला. नकाशे वाचायला शिकलेलं राज्य म्हणून गोव्याकडे बघता येतं. आपल्या सीमाभागात ती सवय अजून लागायची आहे.

पाहणीच चुकली तर

नकाशा बदलण्याआधी पाहणी किती जपून करावी लागते याचा धडा मुंबईने दिला. २०३४ पर्यंतच्या विकास आराखड्याचा मसुदा फेब्रुवारी २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला आणि लोकांनी आपापली गल्ली शोधायला सुरुवात केली. प्रार्थनास्थळं, शाळा, वारसा वास्तू चुकीच्या रंगात होत्या, काही ठिकाणी उभ्या इमारतींवरून रस्ते काढलेले होते. हजारोंनी हरकती आल्या. एप्रिलमध्ये मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी मसुदा नव्याने तपासून दुरुस्त करायला सांगितलं. शेवटी आराखडा मंजूर व्हायला २०१८ उजाडलं.

इथं लक्षात घ्यायची गोष्ट म्हणजे चुका तज्ज्ञांनी नाही, त्या गल्लीत राहणाऱ्यांनी शोधल्या. कारण उपग्रहाच्या चित्रावरून छप्पर दिसतं, छपराखाली बालवाडी आहे की गोदाम ते दिसत नाही. ते शेजारच्या माणसालाच माहीत असतं.

मध्यवस्तीतलीच जागा एवढी महत्त्वाची का

उपनगरात सार्वजनिक जागा मिळवायला काही वाटा आहेत. वडोदऱ्यात आणि बाकीच्या गुजरातेत नगररचना योजना करतात. सगळ्यांच्या जमिनी एकत्र करून नव्याने भूखंड पाडतात, आणि त्यातून रस्ते, बागा, शाळा-दवाखान्यांसाठी हिस्सा बाजूला निघतो. बागांसाठी ५ टक्के आणि सामाजिक सोयींसाठी ५ टक्के असं प्रमाण १९७६ च्या गुजरातच्या कायद्यातच आहे. पण हे मोकळ्या रानात जमतं. मांडवीच्या वेशीजवळ किंवा रावपुऱ्यात ते कसं करणार? तिथं एकदा गेलेली सार्वजनिक जागा परत मिळवायला विकत घेणं हाच मार्ग उरतो.

आणि विकत घ्यायची तर किती पडेल? २०१३ च्या भूसंपादन कायद्यानुसार शहरी भागात बाजारभाव आणि त्यावर तेवढीच दिलासा रक्कम द्यावी लागते. म्हणजे उदाहरणादाखल १० कोटींच्या जागेला किमान २० कोटी, वर अधिसूचनेपासूनची १२ टक्के दराची वाढ वेगळी. आज रंग बदलून जी जागा बाजारभावाने सुटेल, तीच वीस वर्षांनी तेव्हाच्या दुप्पट भावाने घ्यावी लागेल. म्हणून अशी जागा निळी करण्याच्या प्रस्तावात विक्रीचा आकडा मोठा दिसला तरी तो फायदा समजू नये.

बेळगावकरांना या हिशेबाची चव आधीच कळली आहे. शहापूर भागात रीतसर भूसंपादन न करता रस्ता केला गेला, जमीनमालक उच्च न्यायालयात गेले आणि २०२४ मध्ये महापालिकेसमोर कोट्यवधींच्या भरपाईचा प्रश्न उभा राहिला. आराखडा, मालकी आणि प्रत्यक्ष काम यांचा मेळ नसला की बिल करदात्याच्या नावावर फाटतं.

वडोदऱ्याचं न्यायमंदिर हे दुसरं उदाहरण. सयाजीराव गायकवाडांच्या काळात, १८९६ मध्ये उभी राहिलेली ही वास्तू मुळात बाजारासाठी बांधली होती. पुढे तिथं न्यायालय आलं आणि पिढ्यान् पिढ्या बडोदेकर मराठी घरांत "कोर्टात जाऊन येतो" म्हणजे न्यायमंदिर हेच समीकरण राहिलं. २०१८ मध्ये न्यायालय नव्या संकुलात गेलं. न्यायालय हललं की फक्त न्यायाधीश आणि वकील हलत नाहीत. स्टॅम्प व्हेंडर, टायपिस्ट, झेरॉक्सवाला, तारखेला आलेल्या पक्षकारांवर चालणारी खानावळ, या सगळ्यांचं गिऱ्हाईक एका दिवसात कमी होतं. त्यांच्यासाठी कोणत्याही आराखड्यात रंग नसतो. पण रिकाम्या इमारतीत पुन्हा लोकांची वर्दळ असणारं काही येणार की नाही, यावर त्यांचं पोट असतं. संग्रहालय आलं तर रविवारी गर्दी, वाचनालय आलं तर रोज, आणि महागडं हॉटेल आलं तर चहाच्या टपरीला तिथं उभं राहू देतील की नाही इथूनच प्रश्न.

न्यायमंदिराच्या इतिहासात आणखी एक शिकण्यासारखं आहे. बाजार म्हणून बांधलेली इमारत न्यायालय झाली, म्हणजे सार्वजनिक इमारतीचा वापर बदलू शकतो, बदलावाही. आराखड्याने इमारतीला एकाच कामाला जखडून ठेवावं असं कुणी म्हणत नाही. "सार्वजनिक" हा रंग पुरेसा रुंद आहे. तो कायम ठेवून आतला वापर बदलता येतो.

हैदराबादने दाखवलेला मार्ग

इमारत सरकारची आणि पाडणारंही सरकारच असेल तर आराखडा काही करू शकतो का? हैदराबादच्या इर्रम मंझिलने त्याचं उत्तर दिलं. निजामाच्या काळातल्या एका उमरावाचा हा महाल, पुढे सरकारी बांधकाम खात्याची कार्यालयं तिथं आली. जून २०१९ मध्ये तेलंगणाच्या मंत्रिमंडळाने तिथं नवी विधानसभा बांधायचं ठरवलं आणि मुख्यमंत्री के. चंद्रशेखर राव यांच्या हस्ते भूमिपूजनही झालं. शहराच्या नियोजन नियमांत पूर्वी वारसा इमारतींची यादी होती, त्यात हा महाल होता. ते नियम आता राहिले नाहीत, म्हणून संरक्षणही राहिलं नाही, असं सरकारचं म्हणणं. १६ सप्टेंबर २०१९ रोजी उच्च न्यायालयाने ते मान्य केलं नाही आणि मंत्रिमंडळाचा निर्णय रद्द केला.

मतितार्थ एवढा की सरकार मालक असलं तरी आराखडा आणि त्याचे नियम सरकारलाही बांधतात. यासाठी अट एकच, कागदावर नोंद असायला हवी. त्या यादीत नाव नसतं तर न्यायालयात उभं राहायला जागा मिळाली नसती.

नुसती नोंदही पुरत नाही

आता उलटी बाजू. नकाशात एखाद्या खासगी जागेवर "शाळा" किंवा "दवाखाना" असं आरक्षण टाकलं म्हणजे काम झालं असं नाही. महाराष्ट्राच्या कायद्यात आराखडा लागू झाल्यापासून १० वर्षांत ती जागा घेतली नाही तर मालक नोटीस देऊ शकतो. नोटिशीनंतर २४ महिन्यांत संपादनाची पावलं उचलली नाहीत तर आरक्षण संपतं. कर्नाटकात ही मुदत त्याहून कमी, पाच वर्षांची आहे. म्हणजे बेळगाव, खानापूर, निपाणीकडे नकाशातलं आरक्षण लवकर आंबतं असं समजा. ज्या नगरपालिकेकडे पगाराला पैसे अपुरे पडतात, ती पाच वर्षांत किती जागा घेणार?

म्हणूनच जी जागा आधीपासून सरकारी आहे, जिच्यासाठी एक रुपयाही मोजायचा नाही, ती लाल ठेवणं हा सगळ्यात स्वस्त पर्याय आहे. तिला संपादनाची मुदत लागत नाही.

बेळगावात हा प्रश्न पुढच्या काळात येणार असं दिसतं. सुवर्ण विधानसौध ऑक्टोबर २०१२ मध्ये हलगा-बस्तवाड परिसरात उभं राहिलं. मुख्य उपयोग हिवाळी अधिवेशनाचा, तो काही दिवसांचा. एवढी मोठी इमारत वर्षभर वापरात यावी म्हणून सरकारी कार्यालयं तिथं हलवण्याची मागणी वारंवार होते. सीमावासीयांच्या दृष्टीने त्या इमारतीला वेगळे पदर आहेत, ते इथं उघडत नाही. पण शहराच्या दृष्टीने एक गोष्ट विचारायलाच हवी. उद्या चन्नम्मा चौकाजवळची जिल्हाधिकारी कार्यालय परिसरातली कचेऱ्यांची गर्दी शहराबाहेर गेली, तर मागच्या जागेचं काय? खानापूर तालुक्याच्या टोकावरून येणारा शेतकरी आज रेल्वे किंवा बसने उतरून त्या परिसरात जाऊ शकतो. हलगा त्याच्या वाटेवर नाही. कार्यालय हलवण्याचा आदेश आणि रिकाम्या होणाऱ्या जागेचा रंग, हे दोन निर्णय एकाच बैठकीत झाले पाहिजेत. आधी हलवू, जागेचं मग बघू, असं म्हटलं की "मग" कधी आणि कुणासाठी येतं हे पणजीने दाखवलं आहेच.

आपण काय बघायचं

आपल्या शहराचा आराखडा सुधारायला घेतला अशी जाहीर सूचना आली की प्राधिकरणाच्या कार्यालयात दोन्ही नकाशे बघायला ठेवलेले असतात. हरकतींची मुदत सूचनेतच लिहिलेली असते, आणि ती बहुधा एक-दोन महिन्यांचीच असते. सगळं शहर तपासायची गरज नाही. आपल्या वॉर्डातल्या सात-आठ सार्वजनिक जागा घ्या: शाळा, दवाखाना, वाचनालय, भाजी मार्केट, टपाल कचेरी, तलाठ्याची चावडी, मैदान. प्रत्येकीचा क्रमांक आधी मिळवा. पणजी-म्हापशात पी. टी. शीट आणि चलता नंबर, बेळगावात सीटीएस नंबर. नाव सांगून कर्मचाऱ्याला जागा सापडत नाही, नंबर सांगितला की सापडते.

मग पहिल्या नकाशात ती जागा आज कशी नोंदली आहे आणि दुसऱ्यात काय दाखवली आहे, हे शेजारी ठेवून बघा. लालची निळी झाली असेल तर कारण लेखी मागा. पिवळी राहिली असेल आणि तिथं अंगणवाडी भरत असेल तर तीही हरकतच आहे, "सूचना" म्हणून द्या. सोबत फोटो, वीजबिल, शाळेची पटसंख्या, जे हाती असेल ते जोडा. नुसतं "आमचा विरोध आहे" असं लिहिलेल्या दोनशे छापील अर्जांपेक्षा नंबर आणि पुरावा असलेला एक अर्ज सुनावणीत जास्त टिकतो. आपल्या मंडळींना छापील अर्जांवर सह्या गोळा करायची आवड फार, म्हणून मुद्दाम सांगितलं.

भाषेची अडचण खरी आहे. बेळगावात सूचना कानडीत निघते, गोव्यात नकाशे इंग्रजीत असतात, आणि मराठी माणूस "कळत नाही" म्हणून सोडून देतो. राज्यघटनेच्या कलम ३५० नुसार संघात किंवा त्या राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत गाऱ्हाणं मांडण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. तेव्हा अर्ज मराठीत देता येतो, फक्त भाषेच्या कारणाने तो नाकारता येत नाही. उत्तर मराठीतच मिळेल अशी हमी मात्र हे कलम देत नाही, म्हणून सुनावणीला जाताना कानडी किंवा इंग्रजी जाणणारा कुणीतरी सोबत न्या. आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर तारखेसह आवक शिक्का घ्या. मुदतीत हरकत दिली होती की नाही, हा वाद पुढे तेवढ्याच कागदावर मिटतो.